अंगठा

माझ्या दुकानाच्या डावीकडे लाँड्री,
उजवीकडे कोंबडी तळणारा.
मधल्या चिंचोळ्या गाळ्यात मी: पार्सलं, पासपोर्टचे फोटो,
आणि सरकारसाठी बोटांचे ठसे.
फ्रेस्नोतल्या कितीक शिक्षिका, नर्सा,
बंदुकीचा परवाना मागणारे,
सगळ्यांची बोटं मी काचेवर लोळवली आहेत
पोळीच्या लाटीसारखी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

माक्लोव्हिओ सारातेचा अंगठा
काचेवर टेकला
आणि पडद्यावर काही आलंच नाही.
काच पुसली. बोट पुसलं. त्याने फुंकर मारली.
परत तेच. करडा, गुळगुळीत अंडाकार,
घोटून घोटून काढलेल्या गिलाव्यासारखा.

"एकोणीस वर्षं," म्हणाला, आणि हात उपडे केले.
एकोणीस वर्षं चुना, सिमेंट, विटेची खरखर,
दुसऱ्याच्या परवान्यावर तिसऱ्याचं घर.
आता स्वतःचा परवाना हवा:
पाया ते छप्पर, सगळं आपल्या नावावर.

पिशवीतून कागद निघाले.
कायद्याचा पेपर दुसऱ्या खेपेला सुटला,
बांधकामाचा पहिल्याच.
चार वर्षांच्या अनुभवाला मात्र डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार लागतो.
एक मालक नेवाडात गेला, एकाचं दिवाळं निघालं,
एक म्हणाला, तू माझ्याकडे होतास कधी?
(पगार रोख द्यायचा. चुना कसा लागतो
ते माक्लोव्हिओला दोन्ही अर्थांनी ठाऊक.)
शेवटी सही केली म्हाताऱ्या बेदोयानने,
नाकात ऑक्सिजनची नळी, हात थरथरता:
"मनुक्यांच्या गोदामामागची भिंत याची.
आधी ओळंबा सोडून बघा,
मग मला विचारा."

आणि आता हे.
"माझी आई," तो म्हणाला, "ओआहाकात,
जमिनीच्या कागदावर अंगठा उठवायची.
गाव हसायचं.
मी शिकलो, सही करतो,
आणि माझ्याकडे अंगठाच नाही."

मी त्याला मलम दिलं. म्हटलं,
तीन आठवडे कशाला हात लावू नका.
तो हसला तेव्हा लाँड्रीतल्या बायकांनी वळून पाहिलं.
काम करायची परवानगी हवी
तर काम बंद ठेव!

चोविसाव्या दिवशी आला.
बायकोने भांडीसुद्धा घासू दिली नव्हती.
रात्री हातमोजे घालून झोपायचा,
दिवसा शेजाऱ्याच्या दारावरची तडा
अंगणात खुर्ची टाकून बघत बसायचा.
हात असे धरले होते, जणू उसने आणलेत.

काच. अंगठा. लोळवला.
पडद्यावर भोवरा उमटला, रेघेला रेघ लागून,
मधून आडवी फट,
फरशी कापताना झालेली.
तो वाकून बघत राहिला.
मागे दोघं रांगेत होते, मी घाई केली नाही.
"हा माझाच?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा असणार.

ऑगस्टात ट्रक थांबला.
दारावर परवान्याचा क्रमांक, चिकटवलेले आकडे,
शेवटचा सात किंचित कलता;
तो त्याच्या मुलीने लावला, म्हणून तसाच ठेवलाय.
माझ्या उंबऱ्यावर त्याने लेव्हल ठेवली.
बुडबुडा लाँड्रीकडे पळाला.
"पाव इंच उतार आहे. गिऱ्हाइकं अडखळतात,
तुम्हाला वाटतं त्यांच्या चपलांचा दोष."

मी म्हटलं, मग करून टाक.
"असं नाही. आता लिहून द्यावं लागतं."
ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून
सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं:
काम, माल, दिवस, चारशे ऐंशी डॉलर.

चारशे ऐंशी जरा जास्तच वाटतात.
कागद गल्ल्याखाली आहे, सही मी अजून केलेली नाही.
खालच्या कोपऱ्यात, जिथे त्याने तो वाऱ्याला उडू नये म्हणून दाबला होता,
एक राखाडी डाग आहे अंगठ्याएवढा.
रेघ एकही नाही.
यंत्राला विचारलं तर म्हणेल, कुणाचा कोण जाणे.