पाव फेरा

धरणगावच्या जिनिंगात पॅनेलच्या पत्र्याला
हिलाल मिस्तरी उलटा हात लावायचा,
तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
"तळहात लावा तं करंट धरी ठेवस," म्हणायचा,
"उलटा हात फेकी देस."
मी सतरा वर्षांचा,
वायरमनच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसलेला.

सीझनभर रुई उडत राहायची
पापण्यांवर, चहावर, बसबारच्या खाचेत.
सहा नंबरच्या जिनचा फ्यूज सारखा जायचा.
शेठ म्हणाले, जाड तार टाक ना,
दारात वीस गाड्या उभ्या आहेत.
हिलालनं पुठ्ठ्यावर गुंडाळलेली तार काढली,
नेहमीचीच, तेवढ्याच जाडीची,
आणि शेठच्या हातात ठेवलं
जिनचं बेअरिंग, जाम झालेलं, निळं पडलेलं.
"तो जळस, म्हनीसन आपन वाचतस."

पण फ्यूजला कळतो फक्त आरडाओरडा.
सैल स्क्रूखाली तार कुजबुजते,
एक अँपिअरही जास्त न मागता
तांब्या-तांब्यातल्या केसभर हवेत
ठिणगी बिऱ्हाड मांडते,
तेव्हा तो गाढ झोपलेला असतो.
त्याची चूक नाही. त्याला तेवढंच शिकवलंय.

ती कुजबूज हिलाल ऐकायचा.
डावा कान पस्तीस सीझननी केव्हाच नेलेला,
उजवा पत्र्याजवळ, डोळे मिटून,
नाकात सडक्या मासळीसारखा वास,
तापलेल्या बॅकेलाइटचा.
"आठे शे."
मेन बंद. स्क्रू पाव फेरा.
मे महिन्यात आमच्याकडे लोखंडही अंग सैल सोडतं.

आता पॅनेलमध्ये मी एक डबी बसवलीय,
ठिणगीची थरथर ओळखणारी.
काल रात्री तिनं लाइन तोडली.
अंधारात पट्टे थांबले,
रुई सावकाश खाली बसत गेली,
कुणीतरी उगाच शीळ घातली.
शेठचा मुलगा म्हणाला, डबीच खराब आहे, काढ.
मी उलटा हात फिरवला. पत्रा थंड.
वास नाही.
मेन बंद करून, टेस्टर लावून
एकेक स्क्रू चाचपत गेलो.
एकेचाळिसावा हलला.

सकाळी हिलालला फोन केला.
त्याला आता काहीच ऐकू येत नाही.
सून त्याच्या कानाशी ओरडत होती,
पाव फेरा! आबा, पाव फेरा!
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मी फोन ठेवला नाही.
डोळे मिटून ऐकत राहिलो.