शिल्लक

झिबलदादाच्या तेरवीनंतर
मी गोळ्या परत करायला निघाले.
सिंदेवाहीहून नागपूर, पहाटेची एसटी,
पदराच्या गाठीत पाकीट.

खर्र्यानं गाल खाल्ला होता त्याचा.
ही गोळी पोटात गेली की मात्र
तो धानाच्या बांधीवर बसल्यासारखा बोलायचा.

खिडकीतल्या बाईनं जाड वही उघडली.
"किती उरल्या?"
अकरा.
"चौदा पाहिजेत. कायद्याचं काम आहे, मावशी."

मला निकेश दिसला.
बापाच्या खाटेवर, भर दुपारी,
डोळे अर्धे उघडे,
हाक मारली तर फार लांबून हसणारा.

"शेवटच्या राती भल्लाच तळमळला जी," म्हणाले,
"तीन देल्ल्या."

तिनं लिहून घेतलं.
शाईचं पॅड सरकवलं.
अंगठा नको, सही येते मला.

परतीच्या एसटीत निकेशचा फोन:
"आत्या, साऱ्याच देल्ल्या का?"