नमुना प्रत

मिंदेलोच्या मासळीबाजारामागे माझं झेरॉक्सचं दुकान.
एक यंत्र, एक स्टूल, आणि पूर्वेकडून येणारी वाळवंटाची धूळ
जी काचेवर बसते आणि पानापानावर
एक जास्तीचा ठिपका छापते.
दहा एस्कुदोला एक प्रत.
बाप्तिस्म्याचे दाखले, वकिलीच्या नोटा,
एका रात्रीपुरतं उसनं आणलेलं गणिताचं जाडजूड पुस्तक.
कायदा मला ठाऊक आहे.
पुस्तकांच्या किमतीही.

झुल्मिरा पहिल्यांदा आली तेव्हा
हाताला ट्यूनाचं रक्त, मोबाइल कोपराने पुढे सरकवला.
"हे छाप."
पडद्यावर एक बाई. डोक्यावर मिठाची टोपली,
पाय घोट्यापर्यंत पांढरे,
आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरकं, करडं, ठळक:
नमुना प्रत.
"ही माझी पणजी. आणि हे तिच्या तोंडावर काय?"

मी सांगितलं, लिस्बनचं संग्रहालय.
स्वच्छ चेहरा हवा तर ऐंशी युरो,
भिंतीवर लावायचा हक्क निराळा.
तिने माशांत हिशेब केला, मग सोडून दिला.
"फोटो काढताना हिला किती दिले होते?"
मी यंत्राचं झाकण उघडलं,
उगाच पुसलं,
बंद केलं.

अक्षरांसकट घेऊन गेली ती.
सात वर्षं भिंतीवर तसंच.
तिचा धाकटा वाचायला शिकला तो त्याच दोन शब्दांवर,
त्याला वाटायचं, खापरपणजीचं नावच ते.

मग कुठल्याशा मंगळवारी
तिकडच्या कुणी बाईने, कुणी समितीने
(नाव मला माहीत असायला हवं होतं, नाही)
कुलूप काढलं.
चाळीस हजार चित्रं. बघा, न्या, विचारू नका.
दवंडी कुणी पिटली नाही.
मी भलतंच काही शोधत होतो, रात्री,
आणि समोर ती उभी, तोंड धुऊन आल्यासारखी.

झुल्मिरा हातातली सुरी घेऊनच धावत आली.
डाव्या भुवईत जखमेची एक जुनी खूण होती,
इतकी वर्षं एका अक्षराच्या पोटात लपलेली.
झुल्मिराने स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं.
तिथे काही नव्हतं.
तरी फिरवलं.

खाली ओळ: अनोळखी स्त्री, मिठागर, साल बेट.
"अनोळखी कुणाला?"
पेन मागून घेतलं, काचेवर कागद टेकवून लिहिलं:
बेनविंदा. तितीनाची आई.
पोहता येत नव्हतं. शिट्टी फार सुरेख मारायची.
मी ते जसंच्या तसं कळवलं.
तीन महिन्यांनी उत्तर आलं, आभारी आहोत.
नाव त्यांनी नोंदवलं.
शिट्टी नाही.

आता खुलं म्हणजे सगळ्यांनाच खुलं,
हे आम्हाला विमानतळावर कळलं, तिच्या थोरल्याला सोडायला गेलो तेव्हा.
मिठाच्या पुडक्यावर बेनविंदा,
गुलाबी महिरपीत, पर्यटकांसाठी, सहा युरो.
माझं डोकं फिरलं. पत्र लिहू म्हणालो, भांडू,
पुन्हा कुलूप लावा म्हणू.
झुल्मिरा पुडकं तळहातावर तोलत राहिली,
मासा तोलतात तसं.
"आत किती?"
"पाव किलो."
"जन्मभर उपसलं हिने. पाव किलो तरी घरी येऊ दे.
आणि कुलपाचं नाव काढू नकोस."
पुडकं पदराआड, ती सरळ चालू लागली, पैसे न देता.
खरं सांगायचं तर मी दिले,
मागे रेंगाळून.

हल्ली शाळेची पोरं येतात, बेनविंदा मागतात.
तिचे दहा एस्कुदो मी घेत नाही.
धुळीचा ठिपका दर वेळी टोपलीच्या काठावरच उठतो,
माशी बसल्यासारखा.
काच पुसायला गेलो तर झुल्मिरा हात धरते.
राहू दे, म्हणते,
आजी सांगायची, तिथे माशा फार होत्या.