अकरा तोट्या

देओलिंदा कुंडात उतरली आहे,
पाणी बुटांत, पाना दातांत.
मिन्यो नदीच्या अलीकडचं हे ग्रॅनाइटचं गाव.
चौकात एका रांगेत अकरा कारंजी
आणि अकरांना मिळून एकच झडप, खाली, गाळात.

पंपाजवळचं पहिलं माजलेलं,
टोपी उडवेल असं.
अकरावं नुसतं थुंकतं.

म्हातारा आमांदियु तीस वर्षं हे सांभाळत आला
बुचाच्या खुट्ट्या ठोकून.
बुचाला भोक पाडायचं, तोटीत बसवायचं,
भोक झिजलं की नवं बूच.
"एकाचं तोंड दाबलं," तो काठावरून सांगतो,
"की दुसऱ्याला वाचा फुटते.
पाचव्याला आवरायला गेलो
तर आठव्याने पाद्रीबुवांना भिजवलं,
तेही ईस्टरला."

देओलिंदा हसत नाही, पाना दातांत आहे.

रात्री स्वयंपाकघरातल्या ऑइलक्लॉथवर
ती एक जाड नळ काढते, गाभण गाईसारखा.
मूळ पोटच एवढं मोठं हवं
की एकाने हात आखडला
तर दुसऱ्याच्या ताटात फरक पडू नये.
त्या पोटातून अकरा बारीक नळ्या,
प्रत्येकीला पितळेची स्वतःची फिरकी,
आणि फिरक्या सगळ्या बाकामागे, कमरेच्या उंचीवर.
हे शेवटचं ती दोनदा अधोरेखित करते.
तिचे गुडघे एकेचाळीस वर्षांचे आहेत,
आमांदियुचे अठ्ठ्याहत्तर.

फिरक्यांच्या पेटीला एक चावी.
चावी. हा शब्द तिच्याच लोकांनी
कधीतरी गलबतातून आपल्याकडे उतरवला.
आपण तो कुलपाला लावला, नळाला लावला,
घड्याळाला दिला,
आणि भांडण पेटवायचं असलं
की हळूच कुणाला तरी मारली.

उद्घाटनाला नगरपालिकेचे तेओतोनियु पट्टी घेऊन आले.
सगळी सारखी हवीत. एक मीटर वीस.
तिने अर्ध्या तासात केली,
कंगव्याच्या दातांसारखी.
फोटो निघाले. फीत कापली.
"चावी कार्यालयात जमा करा," ते म्हणाले.
ती हो म्हणाली
आणि जाताना बेकरीत
पावांच्या फळीमागे खिळ्याला अडकवून गेली.

ऑक्टोबरात ती तपासायला येते.
कंगव्याचे दात पडलेत.
तिसरं गुडघ्याएवढं: वारा सुटला
की कॅफेचे टेबलक्लॉथ भिजतात.
सहावं सगळ्यांच्या वर,
कारण वरच्या मजल्यावरच्या झुल्मिराला
पाण्याच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही.
सातवं रात्री दहानंतर बंद,
कारण शेजारच्या खिडकीतल्या जावयाला
त्याच आवाजाने लागत नाही.
यावरून दोघांत बोलणं बंद होतं,
आता फिरक्या बोलतात.
अकरावं, ते थुंकणारं,
मुलांनी शेवटपर्यंत उघडून ठेवलंय.
त्याच्यावर एक प्लास्टिकचा चेंडू नाचतोय
आणि पडत नाहीये.

ती वहीत लिहिते, किती फेरे, कुठे.
नववं मात्र बोटभर उंच, अगदी पाव फेरा.
कॅफेत विचारलं, माहीत नाही.
झुल्मिराला विचारलं, तिने खांदे उडवले.
त्याच्यासमोर काही नाही,
ना खिडकी ना टेबल,
फक्त भिंत, तिच्यावर शेवाळ
आणि पाणी असं येतंय
जसं कुणी सांगायला तोंड उघडून
मग राहू दे म्हणावं.

तिचा हात फिरकीवर जातो.
पितळ गार.
थोडा वेळ तिथेच राहतो.
मग ती तो काढून पँटला पुसते
आणि लिहिते:
नववं, पाव. कारण कळलं नाही. असू दे.

बाकावर आमांदियु
खिशातलं जुनं बूच बोटांत फिरवत बसलाय,
दुसरीकडे बघत.

बेकरीतून हाक येते:
"चावी परत खिळ्याला लावलीस का गं?"