कोटाच्या खिशात

डंडीत उतरल्यापासून
मी प्रत्येक गोष्टीला एकशे दहानं गुणतो.
कोबी: नव्वद रुपये. केस कापणं: नकोच.

संध्याकाळी साडेसातला
अर्ध्या किमतीचे पिवळे स्टिकर घेऊन
तो मुलगा रॅकपाशी येतो
आणि आम्ही चौघं-पाच जण
कशाचीच वाट बघत नसल्यासारखे उभे असतो.
इफेओमा कुजबुजते, पाव राहू दे, आधी दूध उचल.

कोट सहा पौंडांचा, कुणीतरी दान दिलेला,
बाह्या चार बोटं लांब.
दुकानातली बाई म्हणाली,
चांगल्या माणसाचा होता.
होता.

फोनवर बाबा विचारतात, हीटर लावलास ना?
लावलाय, म्हणतो मी,
कोटासकट अंथरुणात.
मीटरमध्ये एक पौंड चाळीस उरलेत.

काल आतल्या खिशात चिठ्ठी सापडली,
थरथरतं अक्षर:
अंडी. बटाटे. पोस्टाची तिकिटं. मांजराचं खाणं.

आज ती घेऊनच दुकानात गेलो.
अंडी घेतली, बटाटे घेतले,
गुणायचं राहूनच गेलं.
मांजराच्या डब्यांपुढे मात्र
उगाच थांबलो बराच वेळ.
कुणाकडे असेल ते आता,
आणि खातं का नीट.