कुऱ्हाडवाला

दोन डिसेंबर. ताळगावच्या पठारावर मैदान रिकामं.
उद्या जुन्या गोव्याचं फेस्त, मुलं कालच पळाली.
उपासो वेळीप चुन्याची रेघ ओढतोय.
कॉर्नरपाशी ती जरा डावीकडे झुकते,
दर वर्षी झुकते.

मी चिऱ्यांच्या पायऱ्यांवर, मांडीवर उत्तरपत्रिका.
एकतीस जणांनी लिहिलंय: शिकागो, एकोणीसशे बेचाळीस.
एकानंही लिहिलं नाही की हे घडलं
असल्याच पायऱ्यांच्या पोटात,
विद्यापीठाच्या मैदानावर, आजच्याच तारखेला.

उपासोला सांगतो.
“तिथं फुटबॉल खेळत?”
खेळत, पण हातात घेऊन पळत.
“मग तो फुटबॉल कसला?”
तोही तीन वर्षांपूर्वी बंद केलेला.
खाली स्क्वॉशच्या कोर्टात
काळ्या विटांचे सत्तावन्न थर,
ढीगच म्हणत त्याला. हात काळे, फरशी निसरडी.
आणि सगळं जुळत आलेलं असताना
मध्येच उठून जेवायला गेले.
“हां,” उपासो म्हणतो, “हें बरें केलें.”

वरच्या कठड्याला दोर बांधलेला,
दोराला टांगलेला दांडा,
आणि दोरापाशी कुऱ्हाड घेऊन एक माणूस.
आग आवरेनाशी झाली तर त्यानं दोर तोडायचा.

उपासोचा हात कमरेच्या कोयतीकडे जातो.
“तोडला?”
नाही. वेळच आली नाही.
“मग दिवसभर काय केलं त्यानं?”
उभा राहिला.
“हजेरी लागली?”
हे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

किती निघालं त्यातून, तो विचारतो.
अर्धा वॅट. तुझी बॅटरीसुद्धा लागली नसती.
तो हसतो. मीही हसतो,
मग तीन वर्षांनंतरची ती दोन शहरं सांगतो.
दोना पावलाकडून वारा येतो, चुना उडतो,
त्याच्या भुवया पांढऱ्या होतात.

“आनी तेव्हा,” तो म्हणतो,
“दोरापाशी कोण होता?”

पायऱ्यांखालच्या खोलीत जाळी, हर्डल्स, चुन्याची पोती
आणि कोपऱ्यात वाढलेली रोयण,
जिला तो कुणाला हात लावू देत नाही.
तो कुलूप लावतो. ओढून बघतो.
चार पावलं जातो, परत येऊन
पुन्हा ओढून बघतो.

मी बत्तिसावी उत्तरपत्रिका उघडतो. कोरी आहे,
फक्त तारीख बरोबर.
अर्धा गुण देतो.