आभाळाचं टोक

सावद्याच्या केळीगोदामात, उलट्या क्रेटांवर
दुपारच्या सुट्टीत सगळे गोळा झाले :
"सांगा ना चंचलताई, चीनमधी काय काय पाह्यलं?"

काय सांगू.
बारा दिवसांतले दहा पांढऱ्या कोटात गेले,
काचेच्या बाटल्यांतली बोटभर रोपं मोजण्यात.
हवा आपल्या भादव्यासारखी, अंगाला चिकटणारी.
उरला एक रविवार आणि अर्धा सोमवार,
एक बस, आणि पिवळी झेंडी धरलेली पोरगी, आ-लान,
जी आम्हाला मोजायची;
चढताना, उतरताना, परत चढताना.

समुद्र मी आधी कधी पाहिला नव्हता.
एकावन्न वर्षांत अलिबाग नाही, दापोली नाही,
पहिला पाहिला तो थेट सान्याचा.
तापीला कसा पलीकडचा काठ असतो,
पुरातही कुठेतरी बाभळीचा शेंडा दिसतो.
इथे नुसतं निळं,
आणि पलीकडचं काम कुणीतरी अर्धवट टाकून गेलेलं.
"पानी खारं व्हतं का?" मधुकर वाघुळदेंनी विचारलं.
चाखलं ना. आधी तेच केलं.

पाण्यात देवी उभी. पांढरी, तीन तोंडांची,
मान दुखेस्तोवर उंच.
मी चपला काढल्या. फरशी तव्यासारखी तापलेली,
बाकी कुणीच काढल्या नव्हत्या.
नवस बोलायला गेले तर कळेना
हिच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं;
मग मनुदेवीशी बोलते तशीच बोलले.

मग ते दगड. वाळूत बसलेल्या हत्तींएवढे,
त्यांवर लाल अक्षरं : आभाळाचं टोक. समुद्राचा कोपरा.
फोटोला रांग.
आ-लान म्हणाली, पूर्वी राजाची मर्जी उतरली
की अधिकाऱ्याला इकडे धाडून द्यायचे.
मी म्हटलं, कळलं, धडगावची बदली.
तिला नाही कळलं.
गोदामात मात्र हशा पिकला.

एका टेकडीवर दगडाचं हरीण, मान मागे वळवलेलं.
मागे शिकारी, पुढे समुद्र, पळायला जागा नाही,
तेव्हा ते वळलं आणि बाई झालं.
लग्न झालं म्हणे त्यांचं.
त्याने धनुष्य कधी टाकलं, ते कुणी सांगितलं नाही.

सोमवारी डोंगरातलं सुपारीचं गाव.
फाटकाशी तिकीट, तिकिटावर एका म्हातारीचा चेहरा,
आणि आत तीच म्हातारी,
तळपायांवर माग ताणून बसलेली.
गालांवरून निळ्या गोंदल्या रेघा हनुवटीपर्यंत,
ओठ सुपारीने लाल.
माझ्या मनगटावर तीन ठिपके आहेत,
सातवीत असताना यावलच्या बाजारात गोंदलेले.
तिने हात धरला, एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं,
काहीतरी मोजलं, बहुधा तीनच,
आणि हसली. तोंडात दात दोन.
तेवढ्यात झेंडी हलली.

रुमली पावरा इतका वेळ टाकीशी फण्या धूत होती.
कपाळावर, हनुवटीवर, कोपरापर्यंत गोंदण.
"त्या बाईले पाह्याचे पैसे दिले तुमी?"
"तिकीट होतं," मी म्हटलं.
"किती?"
मी सांगितलं. तिच्या तीन दिवसांच्या हजेरीएवढं.
तिने आकडा तोंडात घोळवला, सुपारीसारखा.
"आमच्या पालले बी हरनं हायेत. जाळीत.
लोकं येतात, कुरमुरे टाकतात.
एक बी बाई नाही झालं."

कुणी हसलं, कुणी चहाचा कप शोधू लागलं.
बाहेर ट्रकने हॉर्न दिला, माल दिल्लीचा,
उशीर झाला तर डाग पडतात.
क्रेट सुलटे झाले. फोन मी पिशवीत टाकला;
त्यात समुद्राचे सत्तावीस फोटो, दगडांचे नऊ,
हरणाचा एक, हललेला.
तिचा एकही नाही,
हे रुमलीला सांगायचं राहून गेलं.